स्टेल्थचे नियम आणि मॉन्स्टरच्या क्षमता: वाचायच्या कशा, लावायच्या कशा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिका वठवण्याच्या खेळात रोगने, म्हणजे लपतछपत वावरणाऱ्या पात्राने, स्टेल्थसाठी (नजर चुकवून लपण्यासाठी) वीस बाजूंचा फासा टाकला, बेरीज १७ आली आणि खेळाडू म्हणाला, "आता मी कुणालाच दिसत नाही." खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने, इथेच क्षणभर थांबावे, कारण या एका वाक्यात तीन निरनिराळे दावे एकत्र मिसळलेले असतात. समोरच्याला ते पात्र डोळ्यांनी दिसते आहे का, हा पहिला प्रश्न. दिसत नसले तरी ते नेमके कुठे आहे हे त्याला कळले आहे का, हा दुसरा. आणि आसपास कुणी आहे याची त्याला मुळात जाणीव तरी आहे का, हा तिसरा. स्टेल्थवरून होणारे बहुतेक वाद एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे होतात, आणि मॉन्स्टरची प्रत्येक क्षमता वाचताना ती यांपैकी कोणत्या प्रश्नाला हात घालते हे आधी ठरवले, तर अर्धे काम तिथेच संपते.

'पाथफाइंडर' या अशाच खेळाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने या पायऱ्यांना सरळ नावेच दिली आहेत: ऑब्झर्व्हड, हिडन, अनडिटेक्टेड आणि अननोटिस्ड. हिडन पात्राची जागा शत्रूला ठाऊक असते, पण ते दिसत नाही, म्हणून त्याच्यावर वार करण्यापूर्वी वीस बाजूंच्या फाशावर कोणतीही भर न घालता ११ किंवा अधिक यावे लागतात. अनडिटेक्टेडची जागाही कळलेली नसते आणि अननोटिस्डचे अस्तित्वच कळलेले नसते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांनीही हे शब्द डोक्यात ठेवावेत, कारण त्या खेळात हीच विभागणी आहे, फक्त ती निरनिराळ्या परिच्छेदांत विखुरलेली आहे.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमांनुसार लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही हे डीएम ठरवतो. जो शत्रू तुम्हाला स्पष्ट पाहू शकतो, त्याच्यापासून लपता येत नाही. परिस्थिती अनुकूल असेल तर डेक्स्टेरिटीवर (चपळाईवर) आधारित स्टेल्थची बेरीज करायची. शत्रू मुद्दाम शोधत असेल तर त्याने परसेप्शनचा (चाहूल घेण्याचा) फासा टाकायचा, नसेल तर त्याच्या पॅसिव्ह, म्हणजे फासा न टाकता धरायच्या, परसेप्शनशी तुलना करायची. हा आकडा म्हणजे १० अधिक त्याचा परसेप्शनचा बोनस. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) असेल तर त्यात ५ मिळवायचे, डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनांतला लहान आकडा घेण्याची अडचण) असेल तर ५ वजा करायचे. ही पाचाची भर फार जण विसरतात, आणि मॉन्स्टरच्या क्षमता नेमक्या तिथेच काम करतात.

वरच्याच रोगला एका अंधाऱ्या गुहेत पाठवू. तोंडाशी एक गॉब्लिन आणि एक लांडगा पहाऱ्यावर आहेत. गॉब्लिनचे पॅसिव्ह परसेप्शन ९ आहे आणि त्याला ६० फुटांपर्यंत डार्कव्हिजन आहे, पण डार्कव्हिजन अंधाराला केवळ संधिप्रकाशाइतके उजळ करते, आणि संधिप्रकाशात नजरेवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो. म्हणून नजरेपुरता त्याचा आकडा ४ वर येतो. तरी मी सरसकट ४ धरत नाही, कारण गॉब्लिनला कानही आहेत आणि पावलांच्या आवाजासाठी त्याचे ९ शाबूत राहतात. १७ समोर दोन्ही अपुरेच. लांडग्याचा मूळ आकडा १३ आहे, परंतु वासावर किंवा आवाजावर अवलंबून असलेल्या परसेप्शनला त्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे १८. रोगची १७ तिथे एका गुणाने कमी पडली.

आता लांडग्याला नेमके काय कळले? कुणीतरी आले आहे आणि ते साधारण कुठे आहे, एवढेच. २०१४ च्या स्टॅट ब्लॉकमध्ये (क्षमतांच्या तक्त्यात) लांडग्याला डार्कव्हिजन नाही, त्यामुळे मिट्ट काळोखात तो रोगला पाहू शकत नाही आणि त्याच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो', पहिल्याचे 'नाही'. लढाई याच क्षणी सुरू झाली तर गॉब्लिन सरप्राइज्ड (बेसावध गाठलेला) ठरेल आणि लांडगा ठरणार नाही, कारण सरप्राइज ही प्रत्येक जिवाची वेगळी मोजायची बाब आहे. लांडगा आधीच गुरगुरला तर गॉब्लिन सावध होईल की नाही, हे नियम सांगत नाहीत. मी तसे होऊ देतो, पण रोगला एक कृती करण्याची उसंत देऊन.

क्षमतेच्या वाक्यात काय बदलते हे शब्दशः पाहावे. गॉब्लिनच्या निंबल एस्केपमुळे त्याला प्रत्येक पाळीत बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) वापरून लपता येते. इथे लपण्याची किंमत कमी झाली आहे, अट नव्हे. उघड्या मैदानावर उभा असलेला गॉब्लिन या क्षमतेच्या बळावर नाहीसा होऊ शकत नाही, त्याला झुडूप, दगड किंवा अंधार शोधावाच लागतो. याउलट लाइटफूट हाफलिंगची (एका बुटक्या जमातीची) क्षमता अटच बदलते: आपल्यापेक्षा किमान एका आकाराने मोठ्या जिवाच्या आडोशाला त्याला लपण्याचा प्रयत्न करता येतो. शॅडो या अनडेडचे (मृत्यूनंतरही वावरणाऱ्या सावलीरूपी मॉन्स्टरचे) वाक्य या दोहोंच्या मध्ये येते. मंद प्रकाशात किंवा अंधारात त्याला बोनस अ‍ॅक्शनने लपता येते, असे ते म्हणते. मंद प्रकाश पुरेसा आडोसा आहे का, यावर मतभेद होतात. मी पुरेसा मानतो, कारण तसे न मानल्यास त्या वाक्यातला 'मंद प्रकाश' हा उल्लेख निरर्थक ठरेल.

संवेदनांच्या बाबतीत मर्यादा आधी वाचावी आणि सामर्थ्य नंतर. ट्रेमरसेन्स असलेल्या मॉन्स्टरला जमिनीतील कंपने कळतात, पण दोघेही त्याच जमिनीला टेकलेले असतील तरच. उडणारे पात्र त्याच्या लेखी नसल्यासारखेच. ब्लाइंडसाइटपुढे (डोळ्यांविना परिसर जाणण्याच्या क्षमतेपुढे) काळोख आणि अदृश्यता दोन्ही व्यर्थ आहेत, पण ठरावीक अंतरापुरतीच, आणि जिलॅटिनस क्यूब (पारदर्शक जेलीचा घनाकार मॉन्स्टर) तर त्या ६० फुटांपलीकडे ठार आंधळा असतो. वटवाघळाची ब्लाइंडसाइट प्रतिध्वनीवर चालते, म्हणून ते बहिरे झाले की ती बंद पडते. खेळाडूंनी अशी फट शोधून काढली तर डीएमने नाराज होऊ नये.

काही क्षमतांचा स्टेल्थशी संबंधच नसतो. गार्गॉइल हा दगडी मॉन्स्टर निश्चल असताना निर्जीव पुतळ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. तो सर्वांना दिसतो, कुठे आहे हेही सर्वांना ठाऊक असते, फक्त तो जिवंत आहे हे कळत नाही. सुरुवातीच्या काळात मी अशा गार्गॉइलसाठी स्टेल्थचा फासा टाकला, ५ आले, आणि मुख्य दरवाजावरचा माझा सापळा पहिल्याच मिनिटाला उघडा पडला. फासा टाकण्याची गरजच नव्हती. क्यूबचे मात्र वेगळे: तो हललेला किंवा त्याने हल्ला केलेला नसेल तर डोळ्यांसमोर असूनही त्याला ओळखायला परसेप्शनवर १५ लागतात, असा आकडा नियमातच दिलेला आहे. जिथे आकडा आहे तिथे तो वापरावा, जिथे नाही तिथे उगीच घुसडू नये.

२०२४ च्या आवृत्तीत पाया बदलला आहे, म्हणून आपला गट कोणत्या पुस्तकावर खेळतो हे आधी स्पष्ट असावे. आता दाट अंधुकतेत किंवा किमान तीन-चतुर्थांश आडोशामागे, शत्रूच्या दृष्टिरेषेबाहेर असताना, स्टेल्थवर १५ गाठले की पात्राला इन्व्हिजिबल ही अवस्था मिळते, आणि आलेली बेरीज हाच त्याला शोधण्याचा आकडा ठरतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, हल्ल्याचा फासा, शब्दोच्चार लागणारा मंत्र किंवा शत्रूने शोधून काढणे यांपैकी काहीही घडले की ती अवस्था संपते. सरप्राइजमुळे पाळीही जात नाही, केवळ इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. 'इन्व्हिजिबल' या शब्दावर बोट ठेवून कुणी आडोशातून बाहेर पडून पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालू लागला, तर मी 'शत्रूने शोधून काढले' ही अट फाशाविना पूर्ण झाली असे मानतो.

खरी अदृश्यता आणि लपणे यांत २०१४ च्या नियमांत मोठी दरी आहे. अदृश्य मॉन्स्टर आवाजावरून आणि पाऊलखुणांवरून सापडू शकतो, जागाही लपवायची असेल तर त्याला लपण्याची कृती स्वतंत्रपणे करावी लागते. त्याने ती केली असेल तर खेळाडू अंदाजाने नकाशावरच्या एखाद्या चौकटीवर वार करतो, डिसअ‍ॅडव्हान्टेजसह. मॉन्स्टर त्या चौकटीत नसेल तर वार आपोआप चुकतो. अशा वेळी डीएमने केवळ "वार चुकला" एवढेच म्हणावे. चौकट चुकली की फासा कमी पडला, हे चेहऱ्यावरही दिसू देऊ नये, म्हणून अशा लढाईत मी मॉन्स्टरची जागा पडद्यामागे कागदावर लिहून ठेवतो आणि खेळाडूंना नकाशावर काहीच ठेवू देत नाही.