सूर्यास्ताला १८, भाकरीला ११

पहिल्या वर्षी मी सगळ्यात जास्त गुण दिले ते एका सूर्यास्ताला. २० पैकी १८. छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, संपला की प्रत्येकाने त्या अनुभवावर तीन मिनिटांची डिजिटल गोष्ट, म्हणजे फोटो आणि स्वतःचा आवाज जोडून केलेला व्हिडिओ, करायची, असं आमच्या बी.एड. कॉलेजात ठरलं होतं. नवीन म्हणून तपासणी माझ्या गळ्यात, जशी आता तुमच्यासारख्या नव्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडते. सूर्यास्ताच्या त्या गोष्टीत बासरी होती, गेटातून बाहेर पडणारी मुलं होती आणि शेवटी ‘शिक्षक म्हणजे दीपस्तंभ’. माझे डोळे भरून आले. त्या मुलाने इतके आठवडे वर्गात नेमकं काय केलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक गोष्ट होती. जुना मोबाइल, हललेले फोटो, आवाजात पंख्याची घरघर. चौथीला अपूर्णांक शिकवताना त्या मुलीने फळ्यावर भाकरी काढून तिचे चार भाग केले. ‘समजलं का?’ ‘होऽऽ.’ चाचणीत बहुतेक सगळे चुकले. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, भाकरी कुणी मोजून तोडतं व्हय?” ती पुढे सांगत होती: उदाहरण ओळखीचं आहे ना, मग झालं, असं मी धरून चालले, पण भाग सारखे करायची गरज भाकरीत नव्हतीच. दुसऱ्या दिवशी तिने पोरांनाच विचारलं, घरी भांडण नको म्हणून सारखं वाटून काय खाता? चिक्की, म्हणाली पोरं. पाठ चिक्कीवर झाला.

मी तिला ११ दिले. वर शेरा मारला, ‘तांत्रिक दर्जा सुधारावा.’ अजून टोचतो तो.

चूक रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण कशाला किती द्यायचे त्या तक्त्यात होती. अमेरिकेत बर्कलीच्या सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंगमधून जो लॅम्बर्ट यांनी रुळवलेली सात अंगं मी जशीच्या तशी उतरवली होती: दृष्टिकोन, उत्कंठेचा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, संगीत, काटकसर, लय. ती गोष्ट रचायला उत्तम आहेत. पण त्यातल्या एकानेही शिकणं मोजलं जात नाही. पुन्हा सांगते, एकानेही नाही. संगीताला ३ गुण ठेवलेत की ते चांगल्या फोनला जातात. भावनेला ठेवलेत की रडवणाऱ्याला. आणि पुढच्या बॅचला हे बरोब्बर कळतं. दुसऱ्या वर्षी माझ्याकडच्या निम्म्या गोष्टींत एक अनवाणी मूल आलं.

आता मी व्हिडिओ आधी लावतच नाही. आधी संहिता वाचते, कागदावर. हॅटन आणि स्मिथ यांनी १९९५ मध्ये भावी शिक्षकांचंच लेखन तपासून चार पायऱ्या मांडल्या होत्या, त्या हाताशी ठेवते: नुसतं घडलेलं सांगणं, कारणं देत सांगणं, स्वतःशी वाद घालत दुसरी बाजू तपासणं, आणि वर्गाबाहेरच्या सामाजिक परिस्थितीशी ते जोडून पाहणं. भाकरीची गोष्ट तिसऱ्या पायरीवर होती. बहुतेक जण दुसरीवरच थांबतात. घाबरू नका, तुमचं शिकवणं वाया गेलं असं नाही. मी तेव्हा रात्ररात्र जागले, काही उपयोग झाला नाही. आता माझी वाटणी अशी: १४ गुण संहितेतल्या चिंतनाला, ३ पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यातल्या फरकाला, ३ बोलणं नीट ऐकू येण्याला. संगीताला शून्य. व्हिडिओत शाळेतल्या मुलांचे चेहरे चालत नाहीत. वह्या, हात, फळा पुरे.

ज्येष्ठ सांगतील, ‘सगळ्यांना १५च्या वर द्या, फाइल बरी दिसते.’ ऐकून घ्या, मान डोलवा, करू नका. एआयकडून लिहून घेतलेल्या संहितेला चिंतनाचा वास असतो, वर्गाचा नसतो. पण वासावर गुण कापू नका, समोर बसवून दोन मिनिटं विचारा: त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं? कोण मध्येच बोललं? जो त्या वर्गात होता तो सांगतो, अडखळत का होईना.

त्या मुलीला पुढे मी फोन केला. व्हिडिओ तिने केव्हाच पुसला होता, मोबाइलमध्ये जागा नव्हती. वही मात्र होती. तिने पानाचा फोटो पाठवला. आता दरवर्षी तिला विचारून ते पान मी पहिल्या तासाला वाचून दाखवते, आणि वाचून झाल्यावर मुलांना गुण द्यायला सांगते.