अमेरिकेत कार इन्शुरन्सची स्टुडंट सवलत: या चुका टाळा

भारतात गाडीचा विमा गाडी बघून ठरतो. इंजिन किती सीसीचं, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती, नो क्लेम बोनस किती साठला, एवढं पाहिलं की झालं. चालवणारा वीस वर्षांचा की पन्नास, याने फारसं बिघडत नाही. त्यामुळे पुण्या-नागपूरहून एमएससाठी अमेरिकेत गेलेला मुलगा जुनी कोरोला घेतो आणि सहा महिन्यांच्या प्रीमियमचा आकडा बघून हबकतो. तिथे गाडीइतकंच, किंबहुना जास्तच, चालवणाऱ्याकडे बघतात. मग रूममेट सांगतो, "अरे, स्टुडंट डिस्काउंट घे ना!" इथूनच गोंधळ सुरू होतो.

आयडी कार्ड दाखवून काही मिळत नाही

सिनेमाच्या तिकिटासारखी ही सवलत नाही. बहुतेक कंपन्यांकडे जी असते ती 'गुड स्टुडंट' सवलत, म्हणजे मार्कांची. साधारण अट अशी: पूर्णवेळ विद्यार्थी, वय पंचविशीच्या आत, आणि बी ग्रेडची सरासरी म्हणजे चारपैकी ३.० जीपीए. कुठे त्याऐवजी डीन्स लिस्ट (कॉलेजने काढलेली हुशार मुलांची यादी) किंवा वर्गातल्या पहिल्या वीस टक्क्यांत असणंही चालतं. दोन-तीन वर्षं नोकरी करून सव्विसाव्या वर्षी एमएसला गेलात तर मार्क कितीही असोत, हे दार बहुधा बंदच.

पहिल्या सेमिस्टरला आणखी एक अडचण. अमेरिकेतला जीपीए अजून हातात नसतो. मग लोक आपली दहापैकी ७.८ सीजीपीए स्वतःच चारच्या हिशेबात बसवून फॉर्ममध्ये टाकतात. तसं करू नका. मूळ ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) एजंटकडे द्या आणि भारतातले मार्क धरता का, ते सरळ विचारा. काही कंपन्या धरत नाहीत. डिसेंबरात ग्रेड लागले की पुन्हा फोन करा. पॉलिसी चालू असतानाही सवलत लावून मिळू शकते. पण सहसा ती त्या दिवसापासून पुढेच लागते, मागचे पैसे परत येतील या आशेवर राहू नका.

टक्क्यांना भुलू नका

स्टेट फार्म या विमा कंपनीच्या जाहिरातीत २५ टक्क्यांपर्यंत सवलत लिहिलेली दिसते. त्यातला 'पर्यंत' महत्त्वाचा. शिवाय ही टक्केवारी अनेकदा पॉलिसीतल्या ठरावीक कव्हरांवरच लागते, सगळ्या बिलावर नाही. एकाकडे २५ टक्के सवलत धरूनही पॉलिसी महाग आणि दुसऱ्याकडे सवलतीशिवाय स्वस्त, असं सहज होतं. त्यामुळे तुलना शेवटच्या रकमेची करा, आणि तीही सारख्या कव्हरची.

खरी मेख पुष्कळदा दुसरीकडेच असते. बऱ्याच राज्यांत प्रीमियम ठरवताना क्रेडिटचा इतिहास (कर्ज-कार्डाची बिलं कशी फेडली याची नोंद) बघतात आणि नव्याने आलेल्याचा तो कोराच असतो. (कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईत यावर बंदी आहे.) दुसरं म्हणजे लायसन्स. घरी चार वर्षं गाडी चालवली असली तरी कित्येक कंपन्या अनुभव अमेरिकेतल्या लायसन्सपासून मोजतात. काही मात्र भारतातली वर्षं धरतात, म्हणून 'लायसन्स कधी मिळालं' या रकान्यात कोणती तारीख हवी ते विचारूनच भरा. मार्कांच्या सवलतीपेक्षा इथे जास्त पैसे वाचू शकतात.

न्यूयॉर्क राज्यात असाल तर मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करा. ऑनलाइनही होतो. त्यावर लायबिलिटी (समोरच्याचं नुकसान) आणि कोलिजन (टकरीत आपल्या गाडीचं नुकसान) या कव्हरांच्या मूळ प्रीमियममध्ये तीन वर्षं १० टक्के सूट कायद्यानेच मिळते. मार्कांची अट नाही, त्यामुळे सव्विशीतल्यांनाही उपयोगी.

काकांचा पत्ता आणि चार रूममेट

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. शहरातल्या पत्त्यावर प्रीमियम जास्त येतो म्हणून उपनगरातल्या काकांचा पत्ता टाकायचा. कंपनीला हवा असतो तो रात्री गाडी जिथे उभी असते तो पत्ता. पत्र कुठे यायचं ते वेगळं.

तसंच रूममेटचं. गाडी एकाची, पॉलिसी एकाच्या नावावर, आणि पटेल ब्रदर्स या भारतीय दुकानात किराणा आणायला जाईल त्याच्या हातात किल्ली. घरात लायसन्स असलेलं आणखी कोण राहतं, हा प्रश्न कंपनी विचारते. तिथे 'कोणी नाही' लिहिलं तर क्लेमच्या वेळी ते उत्तर उकरून काढलं जातं. मग क्लेम अडतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. जो गाडी चालवणारच नाही त्याला पॉलिसीतून वगळायची सोय बऱ्याच राज्यांत असते. पण एकदा वगळलं की त्याच्या हातात किल्ली द्यायची नाही.

आणि प्रीमियम कमी दिसावा म्हणून कव्हर किमान पातळीवर आणू नका. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून कायद्याने लागणाऱ्या कव्हरची किमान मर्यादा वाढवली, तरी समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ती १५,००० डॉलरच आहे. नवी टेस्ला ठोकलीत तर तेवढ्यात भागेल?

तिथेच वाढलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

मूल कॉलेजला गेलं की त्याचं नाव पॉलिसीतून काढून टाकण्याची घाई नको. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आलं की पहिल्यांदा गाडीचीच किल्ली मागतं. त्यापेक्षा 'स्टुडंट अवे' सवलत विचारा: कॉलेज घरापासून साधारण १०० मैलांपेक्षा लांब हवं आणि गाडी सोबत नेलेली नसावी. नाव पॉलिसीत राहतं, सुट्टीतलं चालवणंही कव्हर होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून जवळच्याच रटगर्स विद्यापीठात गेलेल्या मुलासाठी हे जमणार नाही, लांबच्या पेन स्टेट विद्यापीठात गेलेल्यासाठी जमेल.

सवलत होती, अचानक गेली?

रिन्यूअलला प्रीमियम उडी मारतो तेव्हा आधी डिक्लरेशन पेज (पॉलिसीचा गोषवारा देणारं पान) उघडा. लागू सवलती बहुधा तिथे लिहिलेल्या असतात. नवी ग्रेडशीट मागणारी ईमेल स्पॅममध्ये पडलेली असते, किंवा पंचविसावा वाढदिवस होऊन गेलेला असतो, किंवा सेमिस्टरला कोर्सचे क्रेडिट कमी घेतल्याने तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी राहिलेले नसता. पहिलं कारण कागद पाठवून सुटू शकतं, तिसरं पुन्हा पूर्णवेळ झाल्यावर. दुसऱ्यावर उपाय नाही. तेव्हा नव्याने तीन-चार ठिकाणचे कोट मागवा, आणि नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत जुनी बंद करू नका.