लिनक्स संगणक बिघडल्यावर या चुका टाळा: फॉरमॅट मारण्याआधी काय पाहावे

विंडोज १० साठी मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या अनेक घरांतील धडधाकट संगणक एका दिवसात जुने ठरले. त्यांपैकी काहींवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत लिनक्स यंत्रणा आल्या, आणि तो निर्णय योग्यच होता. मात्र दुरुस्तीची सवय बदलली नाही. संगणक अडकला की ‘फॉरमॅट मारा’ हाच पहिला सल्ला दुकानात मिळतो आणि घरातला जाणता मुलगाही तोच देतो.

लिनक्सच्या बाबतीत हीच सर्वांत मोठी चूक आहे. ही यंत्रणा आपल्या बिघाडाची नोंद स्वतः ठेवते, आणि फॉरमॅट केल्याने पहिल्यांदा नष्ट होते ती नेमकी ही नोंद. शिवाय दोष रॅममध्ये, डिस्कमध्ये किंवा घरातल्या विजेत असेल, तर नवी यंत्रणा थोड्याच दिवसांत तशीच बिघडते आणि मग ‘लिनक्स आपल्याकडे चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

नोंद न वाचता उपाय सुरू करणे

पुढे दिलेले आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाईप करण्याच्या खिडकीत, ते रोमन लहान अक्षरांत टाईप करावेत. संगणक अचानक बंद पडला असेल, तर पुन्हा सुरू झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ हा आदेश द्यावा आणि कीबोर्डवरील एंड कळ दाबून मागील सत्राच्या शेवटच्या ओळी पाहाव्यात. सेवा एकामागून एक बंद होत गेल्याच्या ओळी दिसल्या, तर संगणक रीतसर बंद झाला होता. नोंद मध्येच तुटलेली असेल, तर वीज गेली, एसएमपीएसने, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीने, दगा दिला, तापमान फार वाढले किंवा संपूर्ण यंत्रणाच गोठली, एवढ्यापुरता तपास मर्यादित होतो. ‘आऊट ऑफ मेमरी’ असे शब्द आढळले, तर दोष यंत्रणेचा नसून दोन किंवा चार जीबी रॅमवर ब्राउझरच्या वीस टॅब उघडण्याचा आहे. ‘आय/ओ एरर’ हे शब्द डिस्कच्या नावासह दिसले, तर बाकी सर्व कामे थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, हे ठरवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स घातले त्यावरूनच संगणक सुरू करून तासभर नेहमीचे काम करणे. तिथेही तोच त्रास झाला, तर डिस्कवरची यंत्रणा बहुधा निर्दोष आहे. तिथे सर्व सुरळीत चालले, तर संशय डिस्कवर, स्थापित यंत्रणेवर किंवा नंतर आलेल्या एखाद्या अपडेटवर जातो. त्यामुळे लिनक्स घालून झाल्यावर तो पेन ड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नयेत.

या टप्प्यावर होणारी आणखी एक चूक अशी, की एकाच बैठकीत रॅम काढून बसवली जाते, केबल बदलली जाते, ड्रायव्हर नवा घातला जातो आणि अपडेटही चालवले जाते. संगणक सुरू होतो, पण नेमके कशामुळे सुरू झाला हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

लाईट जाण्याने होणारे बिघाड यंत्रणेच्या माथी मारणे

आपल्या भागात मे महिन्यातला वळीव आणि त्यानंतरचा घाटाकडचा पाऊस यांत लाईट जाणे नवे नाही. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाईल सिस्टीम अशा प्रसंगासाठी जर्नल, म्हणजे लिखाणाची आगाऊ नोंद, राखते आणि पुढच्या वेळी सुरू होताना अर्धवट राहिलेले लिखाण स्वतः मार्गी लावते. तरीही कधी काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ हा शब्द आणि ‘रन एफएससीके मॅन्युअली’ अशी सूचना येऊन संगणक थांबतो. पाहणाऱ्याला वाटते, सगळे गेले. प्रत्यक्षात त्याच सूचनेत डिस्कच्या विभागाचे (पार्टिशनचे) नाव, उदाहरणार्थ ‘/डेव्ह/एसडीए२’, दिलेले असते. ‘एफएससीके’ या फाईल सिस्टीम तपासणाऱ्या आदेशापुढे ते नाव लिहून दुरुस्ती केली आणि ‘एक्झिट’ म्हटले, की बहुतेक वेळा यंत्रणा नेहमीसारखी उघडते.

इथे दोन गोष्टींचे भान हवे. पहिली म्हणजे, वापरात असलेल्या, म्हणजे माउंट झालेल्या विभागावर एफएससीके कधीही चालवू नये, कारण त्याने सुस्थितीतील फाईल सिस्टीमही बिघडू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वीज गेलेली नसतानाही हा पडदा पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुरुस्तीचा आदेश देत राहू नये. मरणोन्मुख डिस्कवर असे प्रत्येक लिखाण नुकसान वाढवते. अशा वेळी पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘स्मार्टसीटीएल -ए’ या आदेशापुढे डिस्कचे नाव लिहून तिचे आरोग्य पाहावे. त्या तक्त्यातील क्रमांक ५, १९७ आणि १९८ या ओळींत निकामी झालेल्या, संशयास्पद आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या असते. ती शून्यावरून वाढू लागली की डिस्क बदलण्याची वेळ आली. क्रमांक १९९ ची ओळ वेगळी आहे. तिच्यातील आकडा वाढत असेल, तर दोष सहसा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो, आणि डिस्कपेक्षा केबल पुष्कळ स्वस्त मिळते. हा फरक न पाहता नवी डिस्क विकत घेणारे बरेच आहेत.

विजा चमकू लागल्या की मेन स्विच बंद करण्याची घरोघरची पद्धत चांगलीच आहे. मात्र तिचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा मदरबोर्डवरचे घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालते, आणि ते बंद असते तेव्हा सीआर२०३२ या तीन व्होल्टच्या सेलवर. त्यामुळे महिनोन्‌महिने मेन बंद राहणाऱ्या घरात हा सेल लवकर संपतो. मग संगणकाचे घड्याळ मागे पडते, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर आक्षेप घेतो आणि अपडेट करताना ‘रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट’ अशी तक्रार येते. इंटरनेट जोडून थोडा वेळ गेला की वेळ आपोआप जुळते आणि तक्रार नाहीशी होते, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही. काहीजण यासाठी सॉफ्टवेअरचे सर्व्हर बदलतात, काहीजण यंत्रणाच नव्याने घालतात. उपाय मात्र एक सेल बदलण्याचा आहे. घड्याळातील चूक बरोबर साडेपाच तासांची असेल, तर सेलला दोष देऊ नये: एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असताना विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळाची वेळ स्थानिक समजते आणि लिनक्स ती जागतिक वेळ समजते, त्यातून हा फरक पडतो. ‘टाईमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ या आदेशाने तो मिटतो.

विजा कडाडत असताना केवळ संगणकाचा प्लग काढून भागत नाही. राउटरकडून येणारी लॅन केबलही काढावी, कारण विजेचा झोत तिच्यातूनही मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकतो. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असले तरी त्यामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत असतील, तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर अर्थिंग नसल्याची ती खूण आहे. अशा घरात यूएसबी उपकरणे अधूनमधून तुटणे किंवा एचडीएमआय केबल लावताना ठिणगी उडणे, यावर कोणताही ड्रायव्हर चालणार नाही. इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे लागेल.

संगणक गोठला म्हणून पॉवर बटण दाबून धरणे हीदेखील वीज जाण्यासारखीच घटना आहे. आधी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून अक्षरी पडदा उघडतो का ते पाहावे. तोही न उघडल्यास आल्ट आणि सिसरिक्यू, म्हणजे प्रिंट स्क्रीनची कळ, धरून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे काही सेकंदांच्या अंतराने दाबावीत. उबुंटूत मुळातच एवढी परवानगी दिलेली असते. पहिले अक्षर माहिती डिस्कवर उतरवते, दुसरे विभाग केवळ वाचनापुरते ठेवते आणि तिसरे संगणक पुन्हा सुरू करते.

पावसाळ्यात रॅमकडे दुर्लक्ष करणे

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांत जूनपासून भिंतींना ओल येते आणि तीच दमट हवा कॅबिनेटमध्येही असते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये थर धरला, की संगणक एकतर बीप देऊन थांबतो किंवा, त्याहून त्रासदायक म्हणजे, सुरू होऊन कधीही कुठलाही प्रोग्राम बंद पाडतो. वीजजोड काढून, रॅम उतरवून, पट्ट्या मऊ खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा नीट बसवावी आणि मग मेमटेस्ट८६+ ही चाचणी रात्रभर चालू ठेवावी. यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकांवर ती २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून चालते. चाचणीत एकही चूक दिसली, तरी ती रॅम किंवा तो स्लॉट वापरू नये. ‘एखादी चूक चालायचीच’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

अपडेटच्या मध्ये हात घालणे

‘दुसरा प्रोग्राम लॉक धरून आहे’ असा संदेश आला, की इंटरनेटवर सापडलेला लॉक फाईल पुसण्याचा आदेश अनेकजण तत्काळ चालवतात. बहुतेक वेळा पार्श्वभूमीला स्वयंचलित अपडेट चालू असते आणि दहा मिनिटे थांबणे एवढाच उपाय असतो. लॉक पुसून दोन प्रोग्राम एकदम पॅकेज घालू लागले, तर त्यांची नोंदवहीच विस्कटते. अपडेट चालू असताना लाईट गेली असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ हा आदेश अर्धवट काम पूर्ण करतो. नव्या कर्नलनंतर (कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा) पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतील प्रगत पर्यायांत जुना कर्नल तसाच असतो. तो निवडून सुरू करावे आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा विचार मग सावकाश करावा. हे जुने कर्नल ‘जागा खातात’ म्हणून बूट विभागातून हाताने पुसणे ही चूक आहे. त्यासाठी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ आहे, आणि तो वापरात असलेला कर्नल मागे ठेवतो.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा दोन कारणे आधी तपासावीत. अक्षरी पडद्यावर दिलेल्या ‘डीएफ -एच’ या आदेशात मूळ विभाग शंभर टक्के भरलेला दिसतो का, आणि आपल्या होम फोल्डरमधील ‘.एक्सऑथॉरिटी’ फाईलची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, गेली आहे का. दुसरा प्रकार खिडकीत उघडणारे प्रोग्राम सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, उघडल्याने घडू शकतो. परवानगीचा प्रत्येक प्रश्न ‘सीएचमॉड -आर ७७७’ ने, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देऊन, सोडवण्याचा मोह त्याहून घातक आहे: हा आदेश यंत्रणेच्या सेटिंगच्या ईटीसी फोल्डरवर चालला, तर सुडो स्वतःच काम करणे नाकारते आणि दुरुस्तीची नेहमीची वाटही बंद होते.

वायफाय, प्रिंटर आणि दोन लिप्या

वायफाय दिसत नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ या आदेशाने ते बटणाने बंद झाले आहे का ते पाहावे. नसल्यास बहुधा ब्रॉडकॉम किंवा रिअलटेक चिपचे फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, किंवा ड्रायव्हर नसते. ते उतरवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ते हवे, या पेचातून मोबाईल सुटका करतो: यूएसबी केबल लावून टेदरिंग चालू केले, की बहुतेक संगणकांवर जोडणी लगेच मिळते.

प्रिंटरच्या बाबतीत दोन जुनी मॉडेल आपल्याकडे घरी आणि दुकानांत अजून सर्रास दिसतात. एचपी लेझरजेट १०२० बंद केला की आपले फर्मवेअर विसरतो आणि प्रत्येक वेळी ते संगणकाकडून घेतो. म्हणून एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत त्याचा प्लगइन घातला नसेल, तर प्रिंटर जोडलेला दिसतो पण कागद निघत नाही. कॅनन एलबीपी २९०० ला स्वतःचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो. सर्वसाधारण पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर निवडून त्यावर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही.

घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, असा आपला व्यवहार असल्याने लिपीचे प्रश्न इथे नेहमीचे आहेत. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर फॉन्ट नाही. उबुंटू किंवा मिंटवर ‘फॉन्ट्स-देवा’ आणि ‘फॉन्ट्स-केएनडीए’ ही पॅकेजे घातली की काम होते. चौकोनांऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसत असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही: कन्नडमध्ये तो जुन्या नुडी फॉन्टमध्ये आणि मराठीत शिवाजी किंवा श्री-लिपी फॉन्टमध्ये टाईप झालेला असतो. फाईल खराब झाली असे समजून ती पुसणे किंवा समोरच्याला पुन्हा टाईप करायला लावणे अनावश्यक आहे. नुसते वाचायचे असल्यास तो विशिष्ट फॉन्ट होम फोल्डरमधील ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’ येथे ठेवून ‘एफसी-कॅश’ चालवावे. मजकुरात बदल करायचा असल्यास आधी परिवर्तकाने त्याचे युनिकोड रूप करून घ्यावे आणि मूळ प्रत तशीच ठेवावी, कारण परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार यांची गफलत होऊ शकते. उताऱ्यावरील नाव किंवा अर्जातील आडनाव तर मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.