डिस्चार्जनंतर सापडणारे ऑक्सिजनचे चार्जेस : माझा अनुभव

मी हॉस्पिटलचं बिलिंग बघतो. पेशंट घरी जातो, फायनल बिल टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणारी संस्था) जातं, आणि मग फाईलमध्ये रात्रीचा ऑक्सिजन, दोनदा दिलेलं नेब्युलायझेशन (श्वासावाटे फवाऱ्यातून दिलेलं औषध) सापडतं. बिलात त्याचा पत्ता नाही. वॉर्डात वेगळं रजिस्टर ठेवलं, सिस्टरांना वारंवार सांगितलं, फरक पडेना. फार वैताग आला होता.

फार्मसीतून पेशंटच्या नावावर आलेलं सगळं बिलात येत होतं. सुटत होतं ते वॉर्ड स्टॉकमधलं (वॉर्डातच साठवलेलं, कुणा एका पेशंटच्या नावावर नसलेलं) आणि तासांवर मोजायचं.

आधी नर्सिंग चार्टवर ऑक्सिजनसाठी ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे वेळेचे दोन रकाने छापले. मग सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस मास्टरमध्ये (सेवा आणि त्यांच्या दरांची यादी) वॉर्डातल्या प्रत्येक प्रोसिजरला कोड दिला. सिस्टरने ‘दिलं’ अशी नोंद केली की चार्ज आपोआप पडतो. त्यानंतर रोज सकाळी १० वाजता प्रोव्हिजनल (तोवरचं तात्पुरतं) बिल चार्टशेजारी ठेवून आदल्या २४ तासांची ओळ न् ओळ जुळवायला लागलो. डिस्चार्जच्या दिवशी आधी फार्मसी रिटर्न (न वापरलेली औषधं परत करणं), मग इम्प्लांटचे (शरीरात बसवलेल्या उपकरणांचे) स्टिकर फाईलला लागलेत का ते पाहणं, आणि मगच बिल लॉक, म्हणजे पुढे बदल बंद. रिटर्नआधी लॉक केलं तर परत केलेल्या औषधांचा भुर्दंड पेशंटवर पडतो, आणि ते माझ्या मनाला सुटलेल्या चार्जपेक्षा जास्त लागतं.