क्रूझच्या थांब्यात सहकुटुंब जुने कोची कसे पाहावे

मुंबईहून निघणाऱ्या काही क्रूझ-सफरींमध्ये कोचीचा एक दिवसाचा थांबा असतो. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडहून आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या हाती त्या दिवसातले जेमतेम पाच-सहा तास लागतात. तेवढ्या वेळात मट्टनचेरी आणि फोर्ट कोची हे जुने गाव नीट पाहून होते. मात्र त्यासाठी बॅकवॉटरची होडी, कोचीच्या एर्नाकुलम भागातील मॉल आणि तिथलाच मरीन ड्राइव्ह हे सारे घरून निघण्यापूर्वीच यादीतून वगळावे. सगळेच पाहण्याच्या हट्टापायी बहुतेक वेळ गाडीत जातो आणि जुन्या गावात पायी फिरण्याची खरी मौज हातची निसटते.

घरी असतानाच करायची तयारी

पहिले काम म्हणजे थांब्याचा वार पाहणे. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, तर तेथील परदेशी सिनेगॉग म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ शनिवारी आणि यहुदी सणांना बंद असते. शुक्रवारी दुपारनंतर ते उघडे असेल असे गृहीत धरू नये. फोर्ट कोचीच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालते. त्यामुळे तिकीट काढतानाच वार पाहिला, तर पुढची निराशा टळते.

दुसरे काम मुलांसाठी आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि आपले पैठण ही दोन्ही गावे एकेकाळी सागरी व्यापाराशी जोडलेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असल्याचा उल्लेख आहे. त्याच वर्णनात मिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुझिरिस या बंदराचीही माहिती येते. हे बंदर कोचीच्या उत्तरेला, पेरियार नदीच्या मुखाजवळ होते. 1341 मधील मोठ्या पुरानंतर ते मागे पडले आणि कोचीचे बंदर पुढे आले, असे मानले जाते. जमल्यास सफरीआधीच्या एखाद्या रविवारी मुलांना तेरच्या वस्तुसंग्रहालयात न्यावे. तेथील हस्तिदंती बाहुली आणि रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा पाहिलेले मूल कोचीत उतरते, तेव्हा त्याला ते गाव परके वाटत नाही.

मुंबईला रात्रीच्या गाडीने जायचे असेल, तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोहोचावे. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. लहान मुलांसह प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र हाताशी ठेवावे. कपडे सुती आणि सैल असावेत. आपल्याकडचे ऊन कडक असले तरी कोरडे असते; कोचीत तापमान कमी असूनही दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि वयस्कर माणसे आपल्या नेहमीच्या अंदाजापेक्षा लवकर थकतात. साखर-मिठाची पुडी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाजवळ द्यावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घातले, तर कोणत्याही प्रार्थनास्थळाच्या दारात अडचण येत नाही.

वेळेचा हिशेब उलटा मांडावा

आदल्या रात्री जहाजावर दुसऱ्या दिवसाचे माहितीपत्रक मिळते. त्यात दोन वेळा असतात, एक जहाज सुटण्याची आणि दुसरी सर्व प्रवाशांनी परत जहाजावर येण्याची. आपला सारा हिशेब दुसऱ्या वेळेपासून मागे मोजावा. समजा, संध्याकाळी 5 वाजता जहाजावर हजर व्हायचे आहे. बंदराच्या फाटकावरील तपासणी आणि रांग यांसाठी पाऊण तास, फोर्ट कोचीहून परतीच्या रस्त्यासाठी एक तास आणि वाहतूक अडली तर हाताशी असावा म्हणून अर्धा तास धरला, तर पावणेतीन वाजता गाडीत बसलेच पाहिजे. ही वेळ घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी आणि फोनवर गजर लावावा. जहाजाने स्वतः आखलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर बहुधा तिच्यासाठी जहाज थांबते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्या कुटुंबासाठी ते थांबत नाही. माहितीपत्रकावरील बंदर-प्रतिनिधीच्या फोन नंबरचा फोटो काढून ठेवावा आणि मुलांच्या खिशात आई-वडिलांच्या नंबरची चिठ्ठी घालावी.

जहाज विलिंग्डन बेटावर लागते. हे बेट बंदर खोल करताना निघालेल्या गाळातून विसाव्या शतकात तयार केलेले आहे. धक्क्याबाहेर रिक्षा आणि टॅक्सी मिळतात. आजी-आजोबा सोबत असतील तर दिवसभरासाठी एकच टॅक्सी ठरवणे बरे. थांबण्याच्या वेळेसह एकूण भाडे आधीच बोलून घ्यावे, आणि आपण सांगितल्याशिवाय कोणत्याही दुकानात गाडी नेऊ नये, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे. स्वस्तात फिरवण्याचे आमिष दाखवून दुकानांचे उंबरे झिजवायला लावणारे चालक प्रत्येक पर्यटनस्थळी भेटतात.

आधी मट्टनचेरी, मग फोर्ट कोची

बहुतेक जण उतरल्याबरोबर किनाऱ्यावरची मासे पकडायची चिनी जाळी पाहायला धावतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. बेटावरून तोप्पुंपडीच्या पुलाने येताना मट्टनचेरी जवळ पडते, सिनेगॉग दुपारी काही तास बंद असते, आणि फोर्ट कोचीत दुपारच्या वेळी झाडांची सावली व समुद्राचा वारा असतो. म्हणून बंद दाराआडच्या गोष्टी सकाळी पाहाव्यात आणि उघड्यावरच्या दुपारी.

सिनेगॉग 1568 मधले आहे. पादत्राणे बाहेर काढून आत गेल्यावर मुलांना थेट फरशीकडे पाहायला सांगावे. चीनहून आणलेल्या त्या पांढऱ्या-निळ्या फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. झाड आणि पूल तेच असले, तरी कुठे फांदी झुकलेली असते, कुठे निळा रंग फिका उतरलेला असतो. दोन फरश्या अगदी सारख्या सापडत नाहीत. मुलांना त्यांतला फरक शोधायला लावले, तर ती कंटाळत नाहीत आणि मोठ्यांना वरची काचेची झुंबरे शांतपणे पाहता येतात.

तेथून राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिला आणि पुढे डचांनी त्याची दुरुस्ती केली, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. आतल्या दालनांत जायला जिना चढावा लागतो; गुडघेदुखी असणाऱ्यांनी सावकाश चढावे, पण चढावे जरूर, कारण राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग रंगवलेले आहेत. भावार्थरामायण लिहिणाऱ्या नाथांच्या मुलखातल्या आजीला येथे वाटाड्याची गरज नसते. उलट, चित्रातले प्रसंग ओळखून नातवंडांना सांगण्याचे काम तिच्याकडेच सोपवावे, आणि या दालनासाठी घड्याळ न पाहता वेळ द्यावा.

बाहेर पडल्यावर मसाल्यांची खरेदी उरकावी. येसरासाठी किंवा काळ्या मसाल्यासाठी मिरे घ्यायचे असतील, तर दाणा भरीव आहे का ते पाहावे. पोकळ दाणे पाण्यावर तरंगतात. सीलबंद पाकीटच घ्यावे, कारण जहाजावर परतताना सामानाची तपासणी होते. जेवणासाठी मट्टनचेरीतील गुजराती वस्तीत शुद्ध शाकाहारी थाळी मिळते. भाकरीची सवय असलेल्यांना केरळचा लालसर, जाड भात एरवी जड वाटत नाही, पण फिरायचे असल्याने तो बेतानेच खावा.

दुपारी फोर्ट कोचीत आधी सेंट फ्रान्सिस चर्च पाहावे. मूळ चर्च 1503 मध्ये पोर्तुगिजांनी उभारले. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि त्याला येथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, तरी दफनाची जागा दाखवली जाते. 1663 मध्ये डचांनी कोची जिंकले आणि 1795 मध्ये इंग्रजांनी; हे सत्तांतर भिंतीतल्या जुन्या थडग्यांच्या दगडांवर दिसते.

शेवटी किनाऱ्यावर यावे. चिनी जाळी एका जागी रोवलेली असतात आणि तोलावर चालतात. एका टोकाला जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे दगड. जाळे वर येऊ लागले की वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवरचे दगड एकामागून एक खाली टेकतात आणि तोल राखला जातो. कोळी कधीकधी पर्यटकांनाही दोर ओढायला बोलावतात. मुलांना जरूर ओढू द्यावा आणि त्याबद्दल काही पैसे द्यायची तयारी ठेवावी. वाळूत उतरून पोहण्याचा बेत मात्र करू नये. तेवढा वेळ नसतो आणि ओल्या कपड्यांनी परतीच्या रांगेत मुले हैराण होतात.

गजर वाजला की टॅक्सीकडे निघावे. फाटकाजवळ पोहोचण्यापूर्वी सर्वांची क्रूझ कार्डे आणि ओळखपत्रे एकाच माणसाकडे गोळा करावीत, आणि रांगेत वयस्करांना पुढे ठेवावे.