एका दिवसाची रोजकीर्द: निसर्गाकडून काय घेतो ते कसं लिहावं आणि मग काय करावं

पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय म्हणणारी माणसं मला विचारतात, "नेमकं काय करू?" मी म्हणते, आधी लिहा. हे उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. पण मी लेखापरीक्षणात आयुष्य काढलंय, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: संस्था अडचणीत आली की तिथले लोक सर्वांत आधी टाचण्या आणि कागदाच्या खर्चाला कात्री लावतात. गळती भलत्याच खात्यात असते, आणि ते खातं वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नसतं. फोनचा चार्जर आठवणीने बंद करणारा माणूस वर्षातून तीनदा विमानाने फिरतो तेव्हा मला तेच टाचण्यांचं खातं दिसतं.

तर वही घ्या. संगणकावर तक्ता केला तरी चालेल, पण हाताने लिहिताना माणूस जास्त अडखळतो आणि इथे अडखळणं उपयोगाचं आहे.

पान कसं आखायचं

एक साधा दिवस निवडा. सणाचा नको, प्रवासाचा नको, आजारपणाचा नको. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात काय वापरलं. दुसऱ्यात ते कुठून आलं. तिसऱ्यात, त्यामागचं निसर्गातलं काम कोण करतं. चौथा तूर्त रिकामा ठेवा.

नियम एकच आहे: साखळी दुकानापाशी किंवा नळापाशी थांबवायची नाही. "दुकानातून आणलं" अशी नोंद माझ्यासमोर आली असती तर मी तिथेच हरकत लिहिली असती. सजीव, खनिज, पाणी किंवा हवा यांपैकी काहीतरी हाती लागेपर्यंत ओळ बंद करू नका. वीस-पंचवीस ओळी झाल्या की पुरे. सगळं लिहायला गेलात तर वही दुसऱ्या पानावरच बंद पडेल. आम्हीही प्रत्येक पावती तपासत नसू, नमुना काढून तपासत असू.

काही ओळी मी करून दाखवते.

श्वास. दुसऱ्या रकान्यात सगळे "झाडं" लिहितात. अर्धंच बरोबर. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे प्लवक करतात. त्यांतला प्रोक्लोरोकोकस नावाचा जिवाणू तर १९८० च्या दशकापर्यंत कुणाला माहीतही नव्हता. इथेच एक शेरा मारून ठेवा: "ॲमेझॉन जगाला वीस टक्के ऑक्सिजन पुरवतं" हे वाक्य वहीत येता कामा नये. ते जंगल जितका ऑक्सिजन तयार करतं जवळपास तितकाच तिथली झाडं आणि कुजवणारे जीव वापरून टाकतात. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची साठलेली शिल्लक आहे, ती आपल्या हयातीत संपत नाही. जंगल वाचवण्याची कारणं वेगळी आहेत, पाऊस, कार्बनचा साठा, तिथले जीव. आणि ती पुरेशी भक्कम आहेत. चुकीच्या नोंदीवर बरोबर निष्कर्ष काढला तरी मी सही करत नाही.

जेवण. धान्य आणि फळं एका ओळीत घालू नका. गहू, तांदूळ, मका यांना मधमाशी लागत नाही. वारा किंवा स्वपरागण पुरतं. जगातल्या ११५ प्रमुख पिकांपैकी ८७ पिकांना कीटक-पक्ष्यांच्या परागणाचा कमीअधिक आधार लागतो, पण एकूण अन्नोत्पादनाच्या वजनात अशा पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के येतो. म्हणजे मधमाश्या गेल्या तर माणूस लगेच उपाशी मरणार नाही, मात्र फळं, बदाम, कोको, कित्येक भाज्या आणि तेलबिया यांना फटका बसेल. पोटाचा प्रश्न आणि पोषणाचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न यातून निघतात.

धान्याच्या ओळीत मात्र एक अनपेक्षित नाव घालावं लागतं: नैसर्गिक वायू. हवेतला नायट्रोजन पकडून रासायनिक खतासाठी लागणारा अमोनिया करण्याची रीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवली आणि कार्ल बॉशने ती कारखान्यात उतरवली. जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे १९१३ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्यासाठी लागणारा हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसं या खतावर पिकलेल्या अन्नावर जगतात. पिकाने न घेतलेला नायट्रोजन नद्यांतून समुद्रात जातो आणि तिथे प्राणवायू फारच कमी असलेले पट्टे तयार होतात; मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा पट्टा पसरतो. हे आपल्या जेवणाचं देणं आहे, आणि ते कुठल्याच बिलावर छापलेलं नसतं.

औषध. घरात कुणी त्या दिवशी इंजेक्शन घेतलं असेल तर तिसऱ्या रकान्यात लिहा: नाल खेकडा. नावाला खेकडा, पण नात्याने कोळ्यांच्या जवळचा, निळ्या रक्ताचा समुद्री जीव. त्याच्या रक्तपेशींचा अर्क जिवाणूंच्या विषाचा अंश लागताच गोठतो, आणि १९७० च्या दशकापासून लसी आणि इंजेक्शनं निर्धोक आहेत की नाहीत ते या अर्काने तपासतात. इतका मोठा कारभार एका किनाऱ्यावरच्या जिवावर उभा आहे हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

आता चौथा रकाना

याचं शीर्षक: "हे काम बंद पडलं तर?" उत्तरं तीनच ठेवा. पर्याय आहे. पर्याय आहे पण महाग. पर्याय नाही.

नाल खेकड्यापुढे "पर्याय आहे" लिहिता येतं. तेच काम करणारं प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येतं आणि ते वापरात येतंय.

"महाग" म्हणजे किती महाग, यासाठी गिधाडांची नोंद पाहा. १९९० च्या दशकापासून भारतीय उपखंडात गिधाडांच्या तीन जाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. कारण २००४ मध्ये उघड झालं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेलं जनावर काही तासांत साफ करणारी फुकटची यंत्रणा गेली, उघड्यावरची मढी वाढली, त्यांवर कुत्री वाढली, आणि त्याची किंमत माणसांच्या आरोग्याने मोजली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. गिधाडं मात्र बंदीच्या वेगाने परत येत नाहीत, कारण जोडी वर्षाला एकच अंडं घालते.

उलट बाजूची नोंद न्यूयॉर्कची. शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅटस्किल-डेलावेअर या डोंगराळ पाणलोटातून येतं. गाळण प्रकल्प बांधायचा तर अब्जावधी डॉलर लागले असते. १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला, पाणलोटातल्या जमिनी राखल्या, शेतकऱ्यांना आणि तिथल्या सांडपाणी व्यवस्थेला पैसे दिले. ते प्रकल्पापेक्षा कितीतरी स्वस्त पडलं. जंगल आणि माती पाणी गाळतात ही नोंद इथे प्रत्यक्ष अंदाजपत्रकात चढली, म्हणून मला हा करार फार आवडतो.

आणि "पर्याय नाही" लिहिताना हात कचरत असेल तर अमेरिकेतल्या ॲरिझोनातला बायोस्फिअर-२ हा प्रयोग पाहा, पृथ्वीची छोटी बंदिस्त नक्कल. १९९१ ते १९९३ आठ माणसं काचेच्या बंदिस्त इमारतीत राहिली. आत शेत, छोटं जंगल, छोटा समुद्र. पैशाची आणि तंत्रज्ञांची वानवा नव्हती. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला, बाहेरून भरावा लागला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांना तो परत फिरवता येईना. परागण करणारे कीटक मेले; मुंग्या आणि झुरळं तेवढी फोफावली. आठ जणांचाही हिशेब जमला नाही.

रक्कम कशी घालायची

इथपर्यंत पान म्हणजे नुसती यादी आहे. आता आकडे. ढोबळ चालतील, एकक मात्र बरोबर हवं.

पाणी तापवणं: शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. फोनच्या बॅटरीत मावते एका युनिटच्या साठाव्या-सत्तराव्या भागाइतकी. म्हणजे एका टाकीभर गरम पाण्यात दोनशेहून जास्त फोन भरतात. चार्जरबद्दल मी आणखी काही बोलत नाही.

गाडी: एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलचं वजन पाऊण किलो आणि धूर दोन किलोंच्या वर कसा, असा प्रश्न पडावा. बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

विमान: लांबच्या प्रवासाला दर माणशी दर शंभर किलोमीटरला साधारण तीन लिटर इंधन धरा, लिटरमागे अडीच किलो धूर. दहा हजार किलोमीटर म्हणजे पाऊण टन, एका बाजूचा.

वातानुकूलन यंत्र: विजेपेक्षाही आतल्या, थंडावा देणाऱ्या वायूची ओळ आधी लिहा. अशा यंत्रांतला आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या मोजपट्टीत कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट तापवतो. एक किलो गळला तर ते नऊशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं आहे. म्हणून "गॅस भरून द्या" एवढंच सांगू नका. आधी गळती शोधून बंद करायला सांगा, आणि यंत्र मोडीत काढताना वायू हवेत न सोडता टाकीत काढून घेतला का ते विचारा. हे काम कंटाळवाणं आहे, छायाचित्र काढण्यासारखं काही नाही, आणि घरात करण्याजोग्या कामांत याच्याइतकं मोलाचं फार थोडं सापडेल.

मांस-दूध: जगातल्या राहण्या-पिकवण्याजोग्या जमिनीपैकी जवळपास निम्मी शेतीखाली आहे, आणि त्यातली तीन चतुर्थांश गुरांच्या चराईला आणि चाऱ्याला जाते, त्यातून माणसाला उष्मांक मिळतात पाचव्या भागाहून कमी. रवंथ करणाऱ्या जनावरांचं मांस खात असाल तर तीच ओळ मोठी येईल. खात नसाल तर वाया जाणाऱ्या अन्नाची ओळ पाहा: २०२२ मध्ये ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नापैकी सुमारे १९ टक्के फेकलं गेलं.

आता आकड्यांनुसार उतरता क्रम लावा आणि वरच्या तीन ओळींखाली रेघ मारा. या वर्षी फक्त त्या तीन. खालच्या ओळींवर मन रेंगाळेल, कारण त्या सोप्या असतात.

आणि "मी झाडं लावून फेडीन" म्हणणार असाल तर फेडही मोजा. एक घनमीटर लाकडात साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. चारशे लिटर पेट्रोलची फेड म्हणजे तितकं लाकूड नव्याने वाढायला हवं, आणि ते जळता कामा नये, कुजता कामा नये. रोप लावलं त्या दिवशी खात्यात काहीही जमा होत नाही. मूळच्या गवताळ माळावर झाडं लावलीत तर तिथल्या पक्ष्यांचं आणि प्राण्यांचं घर मोडतं, ते वेगळं नावे पडतं, म्हणजे देण्यात वाढतं. उभं जंगल राखणं आणि तुटलेलं जंगल आपोआप वाढू देणं ही बहुतेक ठिकाणी जास्त खात्रीची जमा आहे.

तुमच्या हाताबाहेरच्या ओळी

तीन ओळींवर काम केल्यावरही पानावर मोठे आकडे उरतील: वीज कशापासून बनते, शहराचं सांडपाणी कुठे जातं, खत कसं वापरलं जातं. तिथे स्वतःला दोष देत बसू नका. हे आकडे कशाने हलतात त्याचा एक पुरावा आहे. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं की फ्रिजला थंडावा देणारे क्लोरोफ्लोरोकार्बन वायू ओझोन नष्ट करतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. आज त्या करारातल्या ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांचं उत्पादन जवळपास ९९ टक्के बंद आहे. घरोघरच्या लोकांनी फ्रिज सोडले नाहीत. नियम आला, मुदत आली, पर्यायी रसायन आलं.

म्हणून तुमचा शब्द जिथे पोचतो तिथे, कामाच्या ठिकाणी, इमारतीच्या समितीत, स्थानिक प्रशासनात, पेन्शनचे पैसे गुंतवणाऱ्या संस्थेत, लेखी प्रश्न द्या. हे कसं लिहायचं ते मला चांगलं येतं. एका पत्रात एकच मागणी. "पर्यावरणपूरक धोरण स्वीकारावे" असं लिहू नका, त्याला "स्वीकारले" एवढं उत्तर येतं आणि फाइल बंद होते. लिहा: "गेल्या वर्षी आपल्या वातानुकूलन यंत्रणेत किती किलो वायू नव्याने भरला, कोणता, आणि गळती कुठे सापडली?" भरलेला वायू म्हणजेच गळलेला वायू, तो आकडा खरेदीच्या पावत्यांत असतो आणि लपत नाही. उत्तराची तारीख मागा, उत्तर देणाऱ्याचं पद विचारा, पत्राची पोच घ्या. आकडा आला की दुसरं पत्र: पुढच्या वर्षी तो किती असेल?

शेवटी काही ओळी अर्धवट राहतील. फोनच्या बॅटरीतला कोबाल्ट, कपड्यातला धागा. त्या खोडू नका, खाली "उचंत", म्हणजे हिशेब अजून न लागलेलं खातं, असं लिहून वेगळ्या ठेवा. कोबाल्टपुरतं सांगते: जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या खाणींतून येतो, तेव्हा ती ओळ तिथवर तरी नेता येते. बाकीच्या ओळींसाठी उत्पादकाला विचारा. वर्षाने वही उघडाल तेव्हा आधी उचंत खातं तपासा. त्यातली एखादी रक्कम वरच्या तिनांत जाऊन बसण्याइतकी मोठी निघते.