ताप मोजताना वेळ का लिहावी, आणि तक्ता कसा वाचावा

थर्मामीटर एकच ठेवा आणि जागाही एकच. जिभेखाली मोजायचं ठरवलं तर दर वेळी जिभेखालीच. चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर अर्धा तास थांबा. काखेतला आकडा कमी येतो. त्यात मनाने एक अंश मिळवू नका, शेजारी फक्त ‘काख’ लिहा.

घोटाळा होतो तो आकडा वाचताना. धडधाकट माणसाचं अंगही दिवसभर सारखं गरम नसतं. मेंदूतलं जैविक घड्याळ तापमान पहाटे चार ते सहाच्या सुमारास तळाला नेतं आणि दुपारी चारनंतर संध्याकाळपर्यंत माथ्यावर. फरक साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा. तरीही सगळे ९८.६ ला चिकटून बसतात. हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथापासून रूढ झाला. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांच्या तोंडातलं तापमान मोजलं, तेव्हा नेहमीची वरची मर्यादा सकाळी सहाला ९८.९ आणि दुपारी चारला ९९.९ फॅरनहाइट निघाली. म्हणजे ९९.४ हा आकडा पहाटे दिसला तर ताप. संध्याकाळी पाचला तेवढ्यावरून ताप म्हणता येत नाही.

आजारपणातही हा चढउतार बहुधा चालूच राहतो. म्हणून सकाळी अंग गार लागलं की ‘उतरला ताप’ म्हणत मुलाला शाळेत धाडणं मला मुळीच पटत नाही. संध्याकाळी पारा चढला की आजार बळावला, असंही नाही. आजच्या संध्याकाळची तुलना कालच्या संध्याकाळशीच करा. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच या दोन वेळा चुकवू नका. मधले आकडे हवे तर घ्या.

पॅरासिटामॉल दिली असेल तर तिचीही वेळ लिहा आणि पुढचा डोस देण्याआधी मोजा. गोळीने खाली आणलेला आकडा पहाटेच्या उताराइतकाच फसवा असतो. कायम रात्रपाळी करणाऱ्यांचं घड्याळ सरकलेलं असू शकतं. त्यांनी उठण्याची वेळही नोंदवावी. पाळी येणाऱ्या बायकांनी पाळीची तारीख लिहावी, कारण स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर तापमान थोडं वर राहतं.

तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र १००.४ दिसला की तक्ता बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. म्हाताऱ्या माणसांना गंभीर संसर्गातही ताप कमीच चढतो. ती सुस्त किंवा गोंधळलेली वाटली तर आकड्याची वाट पाहू नका.